भाच्याची सवलत आणि आपली यादी

२०२४ च्या बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरी सगळे जमले होते. जेवणे आटोपली, दस्तरखान उचलला गेला आणि डिसेंबरात काश्मीरला जायचे असे ठरले. एकूण अकरा माणसे. सर्वांत लहान माझी नात, सात वर्षांची. सर्वांत मोठ्या आमच्या आपा, वय अडुसष्ट. तिकिटे कुणी काढायची, गुलमर्गला किती दिवस राहायचे, हे अर्ध्या तासात ठरले. मग विषय निघाला गरम कपड्यांचा. आम्ही कोकणातली माणसे. स्वेटर असलाच तर तो ट्रंकेच्या तळाशी, डांबराच्या गोळ्यांत. बर्फात घालायचे जॅकेट आमच्यापैकी कुणाकडेच नव्हते.

"त्यात काय एवढं?" आपा म्हणाल्या. "आपला कोलोरॅडोवाला आहे ना! त्याला अर्ध्या किमतीत मिळतात."

कोलोरॅडोवाला म्हणजे आपांचा मुलगा, माझा भाचा. नोकरी कॉम्प्युटरची, पण हिवाळ्यातले शनिवार-रविवार तो तिथल्या एका डोंगरावर स्की पेट्रोलमध्ये स्वयंसेवक म्हणून जातो. बर्फावरून घसरत जाणारी माणसे पडतात, पाय मोडून घेतात; त्यांना प्रथमोपचार करून घसरगाडीवर बांधायचे आणि उतारावरून सुखरूप खाली आणायचे, हे त्याचे काम. या कामामुळे त्याला मोठमोठ्या कंपन्यांची जॅकेटे, बूट, हातमोजे चाळीस-पन्नास टक्के कमी किमतीत मिळतात, हे त्यानेच कधीतरी फोनवर सांगितले होते. आईने ते वाक्य जपून ठेवले असेल, याची त्याला कल्पना नसावी.

यादी तयार झाली. अकरा जॅकेटे, मापांसकट. संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोघांची भर पडून तेरा झाली. पैसे आम्ही पाठवणार होतो, फुकट काहीच नको होते. व्हॉट्सॲपवर यादी गेली. दोन दिवस काही उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी मला वेगळा निरोप आला: "मामू, हे मला करता येणार नाही. नाराज होऊ नका. अम्मीला तुम्हीच समजावून सांगा."

समजावून सांगायला आधी मला समजायला हवे होते. घरात तर निकाल लागून गेला होता. आपा दोन दिवस गप्प. धाकटा भाऊ म्हणाला, "अमेरिकेत गेला आणि घरच्यांनाच नियम शिकवायला लागला." आणि त्याच्या मुलाने तिसरेच मत मांडले: "ही सवलतच बनावट असणार. आठशे डॉलरचं जॅकेट चारशेला कोण विकतं? कंपनीला वेड लागलंय का?"

म्हणजे दोन प्रश्न होते. अशी सवलत खरी असते का? आणि खरी असेल तर ती घरच्यांसाठी वापरली तर बिघडले कुठे? गेल्या दीड-दोन वर्षांत मी या दोन्हींच्या मागे लागलो. भाच्याशी बोललो, त्याने पाठवलेले नियम वाचले, जमेल तेवढा इतिहासही पाहिला. ज्यांची मुले परदेशी आहेत अशा आपल्या वाचकांच्या घरी अशा याद्या नेहमीच निघतात, म्हणून हे लिहितो आहे.

भानगड आहे तरी काय

तिकडे या सवलतीला "प्रो डील" म्हणतात. प्रो म्हणजे प्रोफेशनल, डोंगर-बर्फ-नदी हे ज्यांचे कामाचे ठिकाण आहे ते. गिर्यारोहणाचे गाइड, स्की शिकवणारे, बचाव पथकातले लोक, वनरक्षक आणि अशा सामानाच्या दुकानात काम करणारी मुलेमुली. काही कंपन्या ही सवलत स्वतः देतात. पॅटागोनियासारख्या कंपनीचा स्वतंत्र प्रो विभाग आहे. बाकीच्या अनेक कंपन्या मधल्या संस्थेमार्फत देतात. कोलोरॅडोतली आउटडोअर प्रोलिंक ही अशी एक संस्था. युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीची एक्स्पर्टव्हॉइस ही दुसरी. तिचे आधीचे नाव एक्स्पर्टिसिटी, त्याच्याही आधी थ्री पॉइंट फाइव्ह. नावे अशी बदलत गेल्याने नवख्याला संशय येतो, पण संस्था खऱ्या आहेत आणि सवलतही खरी आहे.

मिळवायची पद्धत आपल्या रेशन कार्डापेक्षा फार निराळी नाही. अर्ज करायचा, पुरावा जोडायचा. पुरावा म्हणजे संघटनेचे ओळखपत्र, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, पगाराची पावती किंवा मालकाचे पत्र. तो तपासला जातो, मग लॉगिन मिळते. मुदत संपली की पुन्हा पुरावा द्यायचा. एक्स्पर्टव्हॉइसवर तर आणखी गंमत आहे: एखाद्या कंपनीचा माल स्वस्तात हवा असेल तर आधी त्या मालाबद्दलचा छोटा धडा वाचावा लागतो आणि प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. उत्तरे बरोबर आली की भाव खाली येतो.

यातच कंपन्यांचा हेतू दिसतो. ही काही खैरात नाही. डोंगरात नवखा माणूस जाहिरात बघून जॅकेट घेत नाही, तो आपल्या गाइडच्या अंगावर काय आहे ते बघतो. दुकानात गेल्यावर विचारतो, "तुम्ही स्वतः कुठलं वापरता?" त्या एका उत्तरासाठी कंपनी आपला नफा सोडते. शिवाय वर्षातले शंभर-सव्वाशे दिवस जो माणूस तेच बूट घालून बर्फात उभा असतो, त्याच्याकडून शिवण कुठे उसवते, चेन कुठे अडकते ही माहिती मिळते.

या धंद्याची मुळेही अशीच आहेत. पॅटागोनियाचे संस्थापक इव्हॉन शुइनार्ड यांनी १९५७ मध्ये एक जुनी लोहाराची भट्टी विकत घेतली आणि कड्यांच्या भेगांत ठोकायचे लोखंडी खिळे घडवायला सुरुवात केली. ते स्वतः चढाई करत, त्यांचे सोबती तेच खिळे वापरत, आणि दीड डॉलरला एक असे ते खिळे मोटारीच्या डिकीतून विकले जात. घडवणारा, वापरणारा आणि खोड काढणारा सगळे एकाच दोराला बांधलेले. आज कंपन्या अजस्र झाल्या आहेत, पण वापरणाऱ्याच्या मताची गरज संपलेली नाही.

किंमत लपवून, लॉगिनच्या आड का ठेवतात, हा माझ्या पुतण्याचा सर्वांत मोठा आक्षेप होता. "खरं असेल तर उघड का सांगत नाहीत?" याचे उत्तर दुकानदारात आहे. गावातला दुकानदार भाडे भरतो, माणसे ठेवतो, तेच जॅकेट पूर्ण किमतीला विकतो. कंपनीने उघडपणे अर्धी किंमत जाहीर केली तर त्याच्या दुकानात कोण जाईल? म्हणून सवलत दाराआड राहते. कायद्याचीही याला आडकाठी नाही. आपल्याकडे पाकिटावर एमआरपी छापावी लागते, तशी सक्ती अमेरिकेत नाही. तिथे कंपनी फक्त किंमत सुचवते. १९३६ चा रॉबिन्सन-पॅटमन कायदा तिथे आहे, पण तो एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या व्यापाऱ्यांत भावाचा भेदभाव होऊ नये यासाठी. स्वतःच्या वापराला घेणाऱ्या एका गिऱ्हाइकाला कमी आणि दुसऱ्याला जास्त भाव लावला तर तो आड येत नाही.

मग घरच्यांना का नाही?

एका रविवारी रात्री मी भाच्याला फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"बेटा, पैसे आम्ही देणार, माल तू घेणार. कंपनीचं काय जातं?"

"मामू, मी सही करताना लिहून दिलंय की हे सामान माझ्या वापरासाठी आहे. विकणार नाही, दुसऱ्यासाठी घेणार नाही."

"विकतो कुठे आहेस? नफा तर घेत नाहीस ना?"

"एका माणसाला एका हिवाळ्यात तेरा जॅकेटं लागतात का? तीही सात वर्षांच्या मुलीच्या मापापासून एक्स-एक्स-एलपर्यंत?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मग तो जे बोलला ते मला जास्त लागले. सवलत त्याच्या एकट्याच्या नावावर नाही, तो ज्या पथकात आहे त्या पथकाच्या ओळखीवर आहे. कुणी गैरवापर केला तर त्याचे खाते बंद होते, आणि कंपनी फारच वैतागली तर सगळ्या पथकाची सवलत काढून घेऊ शकते. त्याच्या पथकात एक शाळेतली शिक्षिका आहे, दोन कॉलेजची मुले आहेत. "माझा पगार बरा आहे मामू, मी पूर्ण किमतीनेही घेईन. ती मुलं नाही घेऊ शकणार."

इथे थोडे थांबून या पथकांबद्दल सांगायला हवे. अमेरिकेतील नॅशनल स्की पेट्रोल ही संघटना १९३८ ची. तिची स्थापना करणारे चार्ल्स मायनट डोल हे मुळात विमा व्यवसायातले गृहस्थ. १९३६ च्या सुरुवातीला व्हर्मांट राज्यातल्या स्टो इथे स्की करताना त्यांचा घोटा मोडला. उतारावर मदतीची काही सोयच नव्हती. सोबत्यांनी छपराच्या पत्र्याचा एक तुकडा शोधून आणला आणि त्यावर ठेवून त्यांना खाली ओढत नेले. त्याच वर्षी त्या सोबत्यांपैकी एक मित्र शर्यतीत अपघात होऊन दगावला. डोल यांनी मग बचावाची पद्धत बसवण्याचे मनावर घेतले. आज या संघटनेत तीस हजारांच्या आसपास माणसे आहेत आणि त्यांत माझ्या भाच्यासारखे बिनपगारी पुष्कळ. डोंगरात हरवलेल्यांना शोधणारी माउंटन रेस्क्यू असोसिएशनही अशीच, १९५९ मध्ये ओरेगन राज्यात सुरू झालेली, बहुतेक स्वयंसेवकांच्या बळावर चालणारी.

पगारी असले तरी चित्र फार वेगळे नाही. आम्ही काश्मीरहून परतत होतो त्याच दिवसांत, २७ डिसेंबर २०२४ रोजी, युटामधल्या पार्क सिटी इथल्या सुमारे दोनशे स्की पेट्रोलर्सनी संप केला. मालक व्हेल रिसॉर्ट्स, या धंद्यातली सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक. सुरुवातीचा पगार तासाला २१ डॉलरवरून २३ करा, ही त्यांची मुख्य मागणी. ऐन सुट्टीच्या गर्दीत संप जवळजवळ दोन आठवडे चालला आणि शेवटी मागणी मान्य झाली. आता हिशेब करा. चांगल्या प्रतीचे बर्फातले जॅकेट आठशे डॉलरच्या आसपास. २३ डॉलर तासाने कर कापण्याआधीच पस्तीस तासांची मजुरी एका जॅकेटात जाते. त्याशिवाय स्की, बूट, हेल्मेट, हिमस्खलनात गाडले गेल्यावर ठिकाण कळवणारे ट्रान्समीटर. काम करता करता हे सगळे झिजते. जॅकेटची बाही रोज दोर, लोखंड आणि घसरगाडीच्या दांड्याला घासते.

मला तर असे वाटते की ही सवलत पगाराचा राहिलेला भाग आहे, जो मालक देत नाही आणि जॅकेट बनवणारी कंपनी आपल्या जाहिरातीच्या खर्चातून देते. हे योग्य आहे असे मी म्हणणार नाही. ज्याला कामासाठी सामान लागते त्याला ते मालकाने द्यावे. पण ते होईपर्यंत त्या शिक्षिकेच्या वाट्याची गोष्ट आपण आपल्या गुलमर्गच्या फोटोंसाठी का मागावी?

आपल्याकडेही हे नवे नाही. गावात एखादा फौजी असला की त्याच्या कँटीन कार्डावर किती डोळे असतात! सैनिकांसाठी कँटीन स्टोअर्स डिपार्टमेंट १९४८ पासून आहे. सुट्टीवर आलेल्या त्या बिचाऱ्याला कुणी मिक्सर सांगतो, कुणी लग्नासाठी सूटकेस, कुणी फ्रिज. तो नाही म्हणाला तर "माज आला", हो म्हणाला तर आपली मर्यादा दुसऱ्याच्या फ्रिजवर संपवून बसतो. डॉक्टरांच्या टेबलावरच्या सॅम्पलच्या गोळ्यांवर विक्रीसाठी नाही असे छापलेले असते, तरी त्या कुठल्या कुठल्या दुकानांत सापडतात, हेही आपण जाणतो.

आपांचे समाधान माझ्या सांगण्याने झाले नाहीच. त्या आमच्या मोहल्ल्यातल्या मौलवीसाहेबांकडे गेल्या आणि विचारले, आईसाठी मुलाने घेतले तर जायज आहे की नाही? मौलवीसाहेबांनी उलट विचारले, "मुलाने काही अट लिहून दिली आहे का?" दिली आहे, असे आपा म्हणाल्या. "मग मला काय विचारता? तो कागद वाचा."

कागद वाचण्याचा सल्ला मोलाचा निघाला, कारण सगळ्या कंपन्यांच्या अटी सारख्या नसतात. काही कंपन्या पती-पत्नीसाठी किंवा एकाच घरात राहणाऱ्यांसाठी घ्यायला मुभा देतात. काही भेट द्यायलाही मनाई करतात. बहुतेकांची वर्षाला किती नग, ही मर्यादा असते. विकायला मात्र कुठेच परवानगी नाही. त्यामुळे "सगळेच करतात" किंवा "अजिबात चालत नाही" ही दोन्ही उत्तरे आळशी माणसाची. ज्या कंपनीचे सामान हवे तिची अट बघायची, आणि शंका असेल तर त्यांनाच विचारायचे.

विश्वास गळाला की काय होते

याच धंद्यातली दोन उदाहरणे सांगतो. ती प्रो डीलची नाहीत, पण तिच्या सख्ख्या बहिणीची आहेत.

सिॲटलमध्ये लॉइड आणि मेरी अँडरसन हे गिर्यारोहक जोडपे होते. लॉइडना बर्फात वापरायची कुऱ्हाड हवी होती, पण तिथल्या दुकानांत ती फार महाग. त्यांनी ऑस्ट्रियातून थेट मागवली तर टपालखर्चासह साडेतीन डॉलरला पडली. मग मित्रांनीही मागायला सुरुवात केली आणि १९३८ मध्ये तेवीस जणांनी मिळून सहकारी संस्था काढली. तीच आजची आरईआय. फायद्याचा वाटा सभासदांना परत, हे तिचे तत्त्व. म्हणजे स्वस्त मिळवायची आपली धडपड जगावेगळी नाही. त्या लोकांनी ती सहकाराने सोडवली. आपल्या महाराष्ट्राला सहकार समजावून सांगायला नको.

आरईआयची आणखी एक ख्याती होती: घेतलेला माल कधीही परत करा. दहा वर्षांनी आणला तरी घेत. लोकांनी काय केले? सहलीआधी तंबू घ्यायचा, सहल झाली की परत. झिजलेले बूट परत. थट्टेने लोक तिला भाड्याने सामान देणारी कंपनी म्हणू लागले. शेवटी २०१३ मध्ये संस्थेने मुदत एक वर्षावर आणली. मेन राज्यातली एल. एल. बीन ही तर १९१२ पासूनची कंपनी, आयुष्यभराच्या हमीसाठी प्रसिद्ध. तिथे लोक दुसऱ्याच्या घरच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून बीनचे बूट उचलत आणि कंपनीकडे नेऊन देत. अशा परताव्यांत पाच वर्षांत २५ कोटी डॉलर गेले, असे कंपनीने सांगितले आणि २०१८ च्या फेब्रुवारीत ती हमी संपवली. ज्या शेतकऱ्याचा किंवा शिकाऱ्याचा बूट खरोखरच दुसऱ्या वर्षी उसवला, त्याला आता पूर्वीची हमी नाही. ज्यांनी लुटले त्यांचे काय गेले?

आणि खरी फसवणूक

पुतण्याचा संशय चुकीचा होता, पण फसवणूक नसतेच असे नाही. ती भलत्याच दाराने आली, आणि आली ती त्याच्याकडेच.

भाच्याने नकार दिल्यावर या पठ्ठ्याने फोनवर स्वतः शोध घेतला. एका नामांकित कंपनीचे नाव, तिचेच चिन्ह, तिचीच चित्रे आणि ८० टक्के सूट. "भाईजानला पन्नास टक्के मिळते, मला ऐंशी!" असे म्हणत त्याने सहा हजार आठशे रुपये भरले. जॅकेट आले नाही. पंधरा दिवसांनी ते पानही नाहीसे झाले. त्या कंपनीचा याच्याशी काही संबंध नव्हता. कुणीतरी तिचे सोंग घेतले होते.

खऱ्या आणि खोट्यातला फरक सांगायला मी भाच्याला सांगितले, तेव्हा त्याने एक साधी गोष्ट सांगितली, ती मी विसरणार नाही. खरी सवलत तुमच्याकडे आधी पुरावा मागते, पैसे नंतर. कोण आहात, काय काम करता, कागद दाखवा. खोटी सवलत काहीच विचारत नाही. येईल त्याचे स्वागत, फक्त कार्ड नंबर द्या. खरी सवलत तीस, चाळीस, पन्नास टक्क्यांच्या आसपास असते. नव्या हंगामाचे सगळे दुकान सगळ्या मापांत ऐंशी-नव्वद टक्के उतरले असेल तर तिथून उठावे. पत्ता अक्षर अक्षर वाचावा, कारण नावात एखादे जास्तीचे अक्षर किंवा मधेच 'सेल', 'आउटलेट' असे शेपूट जोडलेले असते. कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरून प्रो विभागाचा दुवा सापडतो का, ते पाहावे. आणि कुणी "माझ्या प्रो खात्यातून तुम्हाला काढून देतो, थोडे कमिशन द्या" म्हणाला, तर तो एक तर कंपनीला फसवतो आहे किंवा तुम्हाला. पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नये. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. जितका उशीर तितकी आशा कमी. आमच्या पुतण्याने लाजेपायी तीन आठवडे कुणाला सांगितले नाही, आणि पैसे गेले ते गेलेच.

ज्यांची मुले-सुना तिकडे आहेत त्यांनी हेही लक्षात ठेवावे की सरळ मार्गाने मिळणाऱ्या सवलती थोड्या नाहीत. नर्स, डॉक्टर, शिक्षक, विद्यार्थी, सैन्यातले लोक यांना अनेक कंपन्या आपणहून सूट देतात; आयडी-मी किंवा शीअरआयडीसारख्या तपासणीच्या सोयीतून ओळख पटवली की झाले. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, द नॉर्थ फेसने अमेरिकेतल्या आरोग्यसेवकांना निम्म्या किमतीत माल दिला होता. आपल्या किती तरी लेकी तिकडे नर्स आहेत. ती सवलत त्यांच्या घामाची आहे, त्यांनी ती बेलाशक घ्यावी. हिवाळा संपत आला की फेब्रुवारी-मार्चमध्ये जॅकेटांचे भाव तसेही उतरतात, तेव्हा घेतलेले कुणालाही भेट देता येते. वापरलेले सामान दुरुस्त करून विकायची सोयही आहे. पॅटागोनियाचे वॉर्न वेअर त्यातलेच. माझे प्रामाणिक मत विचाराल तर पाच दिवसांच्या सहलीसाठी आठशे डॉलरचे जॅकेट अर्ध्या किमतीतही महागच आहे.

आमचे काय झाले? टंगमर्गला, गुलमर्गच्या चढाआधी, रस्त्याच्या कडेला लांब कोट आणि गमबूट भाड्याने देणारी दुकाने आहेत. आम्ही अकराही जण तिथे उतरलो. कोट जाडजूड, रंग विटलेले, बाह्या लांब. नातीचा कोट तिच्या घोट्यापर्यंत आला. आपांनी काश्मिरी दुकानदाराशी भावावरून बराच वेळ हुज्जत घातली आणि दोन कोटांचे भाडे कमी करून घेतले. बर्फात बसून काढलेला त्यांचा फोटो भाच्याने आपल्या फोनवर लावला आहे.

पुढच्या रमजान ईदला तो घरी आला. आपांसाठी पावसाचे जॅकेट आणले होते, हलके, निळे, कोकणातल्या पावसाला चालेल असे. खिशात दुकानाची पावती तशीच राहिली होती. आपांनी आकडा वाचला, मला बोलावून रुपयांत गुणाकार करायला लावला आणि मुलाकडे वळल्या.

"एवढे पैसे? तुझी ती सवलत कुठे गेली?"

तो हसत शिरखुर्मा खात राहिला. आपांनी जॅकेट परत प्लास्टिकच्या पिशवीत घातले, वर ट्रंकेत ठेवले आणि किल्ली कमरेला लावली. पहिला पाऊस आला त्या दिवशी मात्र बाजारातून भाजी घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या अंगावर तेच होते. दुपट्टा कोरडा होता.